पेपर सोडवताना डोक्यात काय चालतं?

दहावी झाली की जळकोटची कितीतरी मुलं उदगीर नाहीतर लातूर गाठतात. खोली, मेस, क्लास आणि टेस्टमागून टेस्ट. 'लातूर पॅटर्न'ची ही वाट आता आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीही धरतात, याचा मला आनंद आहे. या मुलांना मी गुण विचारत नाही. पेपर सोडवताना डोक्यात काय चालतं, ते विचारतो.

सूत्र आठवायच्या आधी अब्बूंनी फीसाठी घेतलेलं कर्ज आठवतं. शेजारच्यानं पान उलटलं की आपण मागे पडलो असं वाटतं. 'नीट'मध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. त्या एका गुणाच्या धास्तीनं येणारं उत्तरही सोडून दिलं जातं.

मानसशास्त्राचं म्हणणं असं की, गणित करताना आकडे तात्पुरते धरून ठेवायची डोक्यातली जागा मुळातच छोटी असते. काळजी तीच जागा अडवते. उर्दू शाळेतून आलेलं मूल इंग्रजी प्रश्नाचा मनात तर्जुमा करतं, तोही तिथेच. 2018 पासून नीट उर्दूतही देता येते, पण अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीत शिकलेल्यांना त्याचा उपयोग किती? म्हणजे अभ्यास झालेला असतो, ऐनवेळी हाताशी येत नाही. अशा मुलाला 'अजून अभ्यास कर' सांगून काय होणार?

2011 साली शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी मुलांना परीक्षेआधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर लिहायला लावली. घाबरणाऱ्यांचे गुण सुधारले. पुढे इतरांनी तोच प्रयोग केला, तेव्हा मात्र तसा परिणाम दिसला नाही. कागद-पेन घेऊन करून पाहायला हरकत नाही. हमखास तोडगा म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

माझी खरी तक्रार आपल्या सत्कार समारंभांबद्दल आहे. सोळा वर्षांच्या मुलीला हार घालून 'कौमचं नाव रोशन कर' म्हणायचं, म्हणजे त्या छोट्या जागेत अख्खी कौम नेऊन बसवायची. तिचा पेपर तिचाच राहू द्या.

तुमच्यापैकी जे या परीक्षांतून गेले आहेत, त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर दोन-तीन मुलांना घेऊन बसावं. वीस प्रश्न द्यावेत, घड्याळ लावावं, आणि मग प्रत्येक प्रश्नाला मनात काय आलं ते विचारावं. गुण मोजू नयेत.