गाठ बरोबर, पण काम चुकीचे

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही गावी गेलो होतो. खाडीच्या धक्क्यावर मामूंची लहान होडी बांधायची होती. दोर अपुरा पडला, म्हणून आम्ही त्याला घरातला नायलॉनचा बारीक तुकडा जोडला. शाळेत शिकलेली सरळ गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली आणि चहा प्यायला घरी आलो. इकडे भरतीचे पाणी चढले, होडी हेलकावे खाऊ लागली आणि गाठ हळूहळू निसटली. आम्हाला न सांगता नऊ वर्षांचा भाचा होडीत जाऊन बसला होता! शेजारच्या होडीवरच्या खलाशाने वेळीच होडी पकडली, अल्लाहचे शुक्र. मामू रागावले नाहीत. दोन्ही दोर आमच्या हातात देत एवढेच म्हणाले, "गाठ बरोबर मारलीत, पण ती या कामाची नव्हे."

तेव्हापासून आम्ही तीन गाठी नीट शिकलो. त्या वाचकांनाही सांगाव्यात असे वाटले.

पहिली सरळ गाठ. उजवे टोक डाव्यावरून घेऊन पीळ द्यायचा, मग डावे टोक उजव्यावरून. वारा वाढला की खलाशी शिडाचा काही भाग गुंडाळून याच गाठीने बांधत, कारण एक टोक उलट बाजूला झटक्याने ओढले की ती सुटते. पट्टी बांधायला, गाठोड्याला, पार्सलला ती उत्तम. पार्सल बांधताना पहिला पीळ दोनदा दिला तर दोरी सैल पडत नाही. दोन्ही वेळा उजवेच टोक वर नेले, तर मात्र फसवी गाठ होते. मुलांच्या बुटांची नाडी पाहा. फुलगाठ बुटावर आडवी बसली तर बरोबर, टाचेकडून बोटांकडे उभी बसली तर ती फसवी.

पण ज्या गुणामुळे ती शिडाला चालते, त्याच गुणामुळे ती जीवाचा भार पेलत नाही. अमेरिकेतील क्लिफर्ड ॲश्ले यांनी १९४४ साली गाठींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन दोर जोडण्यासाठी सरळ गाठ वापरणे जीवघेणे ठरते, असे त्यांनी त्यात बजावले आहे. म्हणून बाळाची झोळी किंवा झोका टांगताना दोर जोडूच नका, अखंड दोर घ्या.

दुसरी जोडगाठ. होडीसाठी दोर जोडावाच लागला तर ही वापरा. जाड दोराचे टोक दुमडून वाकण करा. बारीक दोराचे टोक वाकणातून खालून वर काढा, वाकणाच्या दोन्ही पदरांना मागून वळसा द्या आणि पुढे आणून बारीक दोराच्याच खालून काढा. ते पुन्हा वाकणात घालू नका. मग ओढून घट्ट करा. नायलॉन गुळगुळीत असते, म्हणून मागून दोन वळसे घ्या आणि टोके वीतभर लांब ठेवा. मासेमारीच्या जाळ्याचा एकेक चौकोन याच प्रकारच्या गाठीने विणला जातो.

तिसरी पोत्याची गाठ. तांदळाच्या पोत्याच्या तोंडाला सुतळीचा एक वेढा द्या, फुली पडेल असा त्यावरून दुसरा वेढा घ्या. मग टोक सुरुवातीच्या सुतळीवरून नेऊन फुलीतल्या दोन्ही सुतळ्यांखालून काढा आणि आवळा. ही इतकी घट्ट बसते की बहुतेक वेळा कापावीच लागते. म्हणून रोज उघडायच्या पिशवीला ती नको.

एका संध्याकाळी दोन हात दोरी घेऊन मुला-मुलींना या गाठी शिकवा. गाठ मारता आली की त्यांना एकच प्रश्न विचारा, "हिच्यावर भार कशाचा पडणार?" आमच्याकडे तो प्रश्न आता भाचाच सर्वांना विचारतो.