राउटरची दुसरी किल्ली



इतवारीतील आपल्या अनेक वास्तूंत खाली दुकान, वर निवास आणि दोहोंसाठी एकच राउटर असतो. तारेने आलेले इंटरनेट तो रेडिओलहरींद्वारे घरभर पोहोचवतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींपलीकडे दूरवर जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण तिचा पल्ला कमी. म्हणून राउटर कपाटात न कोंडता मध्यभागी, उंचावर ठेवावा.

त्याला पासवर्ड दोन असतात. वाय-फायचा आपण बदलतो. राउटरच्या सेटिंगचा मात्र बहुधा कारखान्यातून आला तसाच राहतो. तो ज्याला ठाऊक, त्याच्या हाती सारी व्यवस्था जाऊ शकते. राउटरशी जोडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये, राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता टाइप करून दोन्ही पासवर्ड बदलावेत. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे. ग्राहकाने वाय-फाय मागितल्यास नकार देण्याची गरज नाही. त्याच्यासाठी वेगळे ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करावे.

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघा अधिकाऱ्यांकडे असत. एकट्याला ती उघडता येत नसे. आपले नेट बँकिंग व जीएसटी विवरणपत्रे ज्या वाटेने जातात, तिची किल्ली निदान परक्याच्या हाती नसावी.