शब्दांचं गणगोत

दोस्तांनो, पेट्रोलच्या टँकरवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत काय लिहिलेलं असतं, वाचलंय कधी? 'हायली इनफ्लेमेबल'! आता सांगा पाहू, याचा अर्थ काय? 'फ्लेम' म्हणजे ज्योत आणि 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं. शब्दाच्या आधी 'इन' लागला की अर्थ उलटा होतो, हे तर आपण शाळेत शिकलोय. 'करेक्ट' म्हणजे बरोबर, 'इनकरेक्ट' म्हणजे चूक. मग 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारं?

थांबा! असं समजून कुणी टँकरजवळ काडी ओढली तर? 'इनफ्लेमेबल' म्हणजेही पेट घेणारंच! 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' हे समानार्थी शब्द आहेत, विरुद्धार्थी नाहीत. हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्यातला 'इन' नकाराचा नाही. हा घोटाळा जिवावर बेतेल, म्हणून अमेरिकेत १९२० च्या दशकात आगीपासून बचावाचं काम करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' असंच लिहा, असा आग्रह धरला. आपल्याकडच्या टँकरवर मात्र अजूनही 'इनफ्लेमेबल' दिसतो. पेट न घेणारं म्हणायचं असेल तर शब्द आहे 'नॉनफ्लेमेबल'.

म्हणून मी वर्गात सांगते, इंग्रजी शब्द एकटा पाठ करू नका. माणसाला जसं गणगोत असतं, तसं शब्दालाही असतं. त्याची व्याख्या, त्याचे समानार्थी आणि त्याचे विरुद्धार्थी. हे गणगोत कळलं की शब्द खरा कळला.

व्याख्या : आधी जात, मग खूण

'आयलंड म्हणजे बेट' एवढं पाठ केलं तर ते परीक्षेपुरतं राहतं. त्यापेक्षा साध्या इंग्रजीत त्याची ओळख सांगून पाहा. 'लँड विथ वॉटर ऑल अराउंड इट'. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन, हे तर आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलंच! यातली युक्ती ओळखलीत? आधी सांगायची वस्तूची जात आणि मग तिची खूण. बेट ही जमीन आहे, ही झाली जात. भोवती पाणी, ही झाली खूण. तसंच 'नाइफ'. 'अ टूल फॉर कटिंग'. हत्यार ही जात, कापणं ही खूण.

याचा फायदा काय? समजा, दुकानात गेल्यावर 'अम्ब्रेला' हा शब्दच आठवेना. गप्प कशाला बसायचं? 'द थिंग वी होल्ड ओव्हर अवर हेड्स इन द रेन' म्हणा. दुकानदार छत्री काढून देईल. ज्याला व्याख्या करता येते, तो एका शब्दावाचून अडत नाही.

समानार्थी : सख्खे नाहीत, चुलत

'थिन', 'स्लिम' आणि 'स्किनी' हे तिन्ही बारीक अंगाच्या माणसासाठी. पण मराठीत आपण सडपातळ म्हटलं तर समोरचा खूश होतो, हडकुळा म्हटलं तर रुसतो. इंग्रजीतही तसंच. 'स्लिम' ही तारीफ आहे, 'स्किनी' बहुधा टोमणा आणि 'थिन' मधला. म्हणजे समानार्थी शब्दांचा अर्थ जवळचा असतो, अगदी तोच नव्हे.

आपली मुलं हमखास अडखळतात ती 'टॉल' आणि 'हाय' या जोडीत. मराठीत मुलगा उंच, झाड उंच आणि डोंगरही उंचच. इंग्रजीत मात्र मुलगा आणि झाड 'टॉल', डोंगर 'हाय'. 'माय ब्रदर इज हाय' म्हणालात तर ऐकणारा हसेल. तसंच थोरला भाऊ 'बिग ब्रदर' असतो, 'लार्ज ब्रदर' नव्हे. 'लार्ज' म्हटलं की तो अवाढव्य वाटायला लागेल!

असे शब्द एकत्र मांडणारा मोठा इंग्रजी ग्रंथ म्हणजे रॉजे यांचा 'थिसॉरस'. पीटर मार्क रॉजे हे पेशाने डॉक्टर. १८०५ साली त्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी शब्दांची यादी केली आणि १८५२ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांचा ग्रंथ छापून आला. आपल्याकडे तर अमरसिंहाने त्याच्या कितीतरी शतकं आधी संस्कृत समानार्थी शब्द 'अमरकोशा'त श्लोकांत गुंफले होते. पूर्वी मुलं ते तोंडपाठ करत. गंमत म्हणजे 'थिसॉरस' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना आणि आपल्या 'कोश' शब्दाचाही एक अर्थ खजिनाच!

विरुद्धार्थी : एकाला दोन

'ओल्ड'च्या विरुद्ध काय? निम्मा वर्ग ओरडतो 'न्यू' आणि निम्मा 'यंग'. दोघंही बरोबर! 'ओल्ड शर्ट'च्या उलट 'न्यू शर्ट', पण 'ओल्ड मॅन'च्या उलट 'यंग मॅन'. मराठीत आपण म्हातारा शर्ट म्हणतो का? नाही ना! 'शॉर्ट'चंही तसंच. 'शॉर्ट' मुलाच्या उलट 'टॉल', 'शॉर्ट' रस्त्याच्या उलट 'लाँग'. म्हणून विरुद्धार्थी शब्द विचारला की आधी विचारा, कशाबद्दल बोलताय?

ही जोडी घरातही कामाला येते. मलमाच्या ट्यूबवर लिहिलेलं असतं 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली'. 'इंटर्नल' म्हणजे आतलं, 'एक्स्टर्नल' म्हणजे बाहेरचं. औषध फक्त बाहेरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. आजीला हे तुम्ही वाचून सांगू शकता.

आणि हो, प्रत्येक शब्दाला विरुद्धार्थी नसतो. 'टेबल' किंवा 'मँगो'च्या उलट काय, म्हणून डोकं खाजवत बसू नका!

आता वही काढा

एका पानावर पाच रकाने आखा. शब्द, व्याख्या, समानार्थी, विरुद्धार्थी आणि स्वतःचं वाक्य. रोज फक्त दोन शब्द लिहा. जो रकाना भरत नसेल, तो मोकळा सोडा. वाक्य मात्र हवंच, आणि तेही आपल्या गावचं, आपल्या घरचं. रविवारी पहिला रकाना हाताने झाका आणि बाकीचं वाचून शब्द ओळखा. दोन शब्दांनी काय होणार, असं वाटतं? वर्षाचे ७३० होतात. शिवाय त्यांचे गणगोत वेगळेच!

ओळखा पाहू

१. 'लाइट' या शब्दाला दोन विरुद्धार्थी शब्द सांगा. एक दप्तराबद्दल, एक रंगाबद्दल.
२. 'हार्ड' दगड आणि 'हार्ड' पेपर, दोन्हींच्या उलट काय?
३. 'अ रूम व्हेअर वी कुक'. शब्द ओळखा.
४. 'व्हॅल्युएबल' म्हणजे मौल्यवान. मग 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोलाचं का? मराठीतला 'अमूल्य' आठवा!

उत्तरं : १. हेवी, डार्क. २. सॉफ्ट, ईझी. ३. किचन. ४. नाही. ज्याचं मोल करताच येत नाही इतकं मौल्यवान, ते 'इनव्हॅल्युएबल'.

चारही बरोबर आली? शाब्बास! एखादं चुकलं असेल तर तोच तुमच्या वहीतला पहिला शब्द.

तुमच्या बाई