हिऱ्याची कुडी आणि शिसपेन्सिल

आमच्या परिचयांतील एका घरीं आजेसासूबाईंच्या कुडींतील हिरा खरा कीं खोटा, असा वाद निघाला. खरा हिरा घणाखालींहि फुटत नाहीं, या ऐकीव समजुतीवर विसंबून कोणीं तो पाट्यावर ठेवून वर वरवंटा हाणला. हिऱ्याचे तुकडे झाले, आणि तो खोटाच होता असें सर्वांनीं ठरविलें! वस्तुतः फुटला एवढ्यानें खोटा ठरत नाहीं. हें वाचकभगिनींस वेळींच कळावें म्हणून हा लेखनप्रपंच.

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. स्मिथसन टेनंट यानें १७९७ सालीं हिरा जाळून दाखविलें कीं, तितक्याच वजनाच्या कोळशांतून जो वायु जेवढा निघतो, तोच तेवढाच हिऱ्यांतूनहि निघतो. मुलांच्या शिसपेन्सिलींत तर शिसें मुळींच नसतें. असतें तें चिकणमातींत मळलेलें ग्रॅफाइट, व तेंहि कार्बनच. द्रव्य एक असतां एक कांच कापतो नि दुसरें कागदावर झिजतें, हें कसें?

भेद आहे तो मांडणीचा. दोन अणु आपापला एकेक इलेक्ट्रॉन सामाईक ठेवून एकमेकांस धरून राहतात. यास सहसंयुज बंध म्हणतात. हिऱ्यांत प्रत्येक अणु चहूं अंगांच्या चार शेजाऱ्यांशीं असा जखडलेला असतो. ब्रॅग पितापुत्रांनीं १९१३ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें ही रचना उघडकीस आणली. ग्रॅफाइटांत शेजारी तीनच, तेहि एका पातळींत. पापुद्र्यांतील अणूंत अंतर १.४२ अँग्स्ट्रॉम, पण दोन पापुद्र्यांमध्यें ३.३५, म्हणून पापुद्रे सरकतात व पेन्सिल लिहिते. मात्र मऊ म्हणून त्यास दुबळें समजूं नये. पापुद्र्यांतील बंध हिऱ्यांतल्याहून आंखूड व बळकट असतात. सोनें वितळविण्याच्या मुशी ग्रॅफाइटच्याहि करतात त्या उगाच नव्हे.

आतां त्या वरवंट्याविषयीं. ओरखडा न उठणें हा एक गुण, आघात सोसणें हा निराळा. कुडीचें सोनें ठोकल्यास चेपतें, कारण त्याचे अणु एकमेकांवरून घसरतात. हिऱ्यांतील बंध ना वाकत ना सरकत, ते तुटतात. शिवाय त्या जाळ्यांत कांहीं पातळ्यांना ओलांडणारे बंध संख्येनें कमी असतात. तेथें घाव बसला कीं खडा दुभंगतो. हिरे पाडणारे कारागीर याच पातळ्या हेरून खडा चिरीत आले आहेत.

परीक्षाच करावयाची तर जवाहिऱ्याकडे उष्णता तपासणारें लहानसें उपकरण असतें. हिरा तांब्याच्या सुमारें पांचपट उष्णता वाहून नेतो, तीहि त्या ताठ बंधांमुळेंच. मॉइसनाइट नांवाचा कृत्रिम खडा मात्र या परीक्षेंत हिऱ्यासारखाच उतरूं शकतो. यासाठीं विजेचीहि परीक्षा करवून घ्यावी, आणि वरवंटा चटणीकरितां ठेवावा.