तेरावा नसलेलं गाव

चंदीगडला राहायला आलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायचं, इथे 13 नंबरचा सेक्टरच नाही. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यात 12 नंतर एकदम 14. बाबांना ही गोष्ट कळली आणि आमच्या घराला आयुष्यभर पुरेल एवढा मालमसाला मिळाला. पाहुणे फार दिवस मुक्काम ठोकून बसले की बाबा त्यांना म्हणत, "तुम्हाला सेक्टर 13 दाखवायचा राहिलाच की!" आणि पुण्याच्या आत्याला पत्रात लिहीत, "इथे तेरावाच नाही, त्यामुळे मरायची सोय नाही."

बाबा सेक्टर 30 मधल्या वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या आवारात, इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवत. 1963 साली स्वित्झर्लंडच्या मदतीने सुरू झालेली ही संस्था. अचूक यंत्रं आणि उपकरणं बनवायला शिकायचं, पण सुरुवात कानशीपासून. पोलादाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासत बसायचं, दिवसच्या दिवस. हाताला फोड येत. पोरं वैतागत. मग बाबा ठोकळा उचलत, त्यावर गुण्या उभा धरत आणि खिडकीच्या उजेडाकडे नेत. पृष्ठभाग सपाट असेल तर उजेड दिसत नाही. जरा जरी खळगा असला तरी खालून रेघ चमकते. बाबा एक डोळा मिटून बराच वेळ बघत नि म्हणत, "वाह! इस में से तो कसौली दिखती है."

कसौली म्हणजे लांब डोंगरावरचं गाव. सगळी पोरं हसत. ज्याचा ठोकळा असे तोही हसे आणि पुन्हा कानस उचले. बाबांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. घरी मात्र माझ्या गणिताच्या वहीतून रोज कसौली दिसायची, आणि तेव्हा मला हसू यायचं नाही, हेही सांगून टाकतो.

1989 मध्ये दूरदर्शनवर 'फ्लॉप शो' लागला तेव्हा बाबा खुर्ची पुढे ओढून बसत. तो करणारा जसपाल भट्टी आमच्याच गावचा, शिवाय पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमधून इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेला. "इंजिनिअर आहे, म्हणून बिघाड नेमका कुठे ते त्याला कळतं," बाबा म्हणत. ऑक्टोबर 2012 मध्ये भट्टी अपघातात गेले. त्यांनी मुलाला नायक करून काढलेला 'पॉवर कट' हा सिनेमा दुसऱ्या दिवशी लागायचा होता. बाबांनी त्या संध्याकाळी एकही विनोद केला नाही.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं, सेक्टर नाही. 30 मध्येच वरचा मजला भाड्याने घेतला आणि 2016 च्या थंडीत बाबा तिथेच गेले. तेराव्याला त्यांचे जुने विद्यार्थी आले. पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी पान वाढून झालं तरी जेवेनात. शेवटी हात जोडून आईला म्हणाले, "सरजी तो कहते थे, चंडीगढ़ में तेरहवां होता ही नहीं." पंगतीत क्षणभर शांतता पसरली. आधी आईच हसली.

2020 मध्ये प्रशासनाने शहराच्या कडेच्या मणिमाजरा भागाचं नाव बदलून सेक्टर 13 केलं. बातमी मीच आईला वाचून दाखवली. तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"चार वर्षं उशीर केला मेल्यांनी," ती म्हणाली.