दाणे बंद?

किडनीचं दुखणं निघालं की पथ्याचा एक छापील कागद हातात येतो. केळी, नारळपाणी, लोणचं, पापड यांच्या रांगेत एक ओळ हमखास असते - 'शेंगदाणे व सुकामेवा बंद'. आता मराठी घरात दाणे म्हणजे काही नुसता चकणा नव्हे. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाच्या खिचडीत कूट. दाणे बंद म्हणजे अर्धा स्वयंपाकच बंद!

दुसरीकडे भेटायला येणारी मंडळी. "किती उतरलायस रे, रोज मूठभर बदाम-पिस्ते खात जा." कागद म्हणतो बंद, आत्या म्हणते मूठभर. मला वाटतं, खरा प्रश्न दोघंही विचारत नाहीत: कोणी खायचे, आणि किती?

थोडे आकडे बघा. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ऐकून छाती दडपते, पण कोशिंबिरीतून एका माणसाच्या वाट्याला येणारं दोन लहान चमचे कूट फार तर १० ग्रॅम, म्हणजे पोटॅशियम ७०. एका मध्यम केळ्यात ४००च्या आसपास असतं. पिस्त्यांत १०० ग्रॅममागे हजार, अक्रोडात त्याच्या निम्म्याहून कमी. 'सुकामेवा' हा शब्द एक, पण वस्तू सारख्या नाहीत.

फॉस्फरसचंही तसंच. दाण्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि तो शरीरात पूर्ण शोषला जात नाही. कोलात आणि पाकिटबंद पदार्थांत घातलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या आहारसूचनांतही फॉस्फरस कुठून येतो ते बघा, असं म्हटलंय. आपल्याकडे दाण्याचा डबा माळ्यावर जातो आणि कोलाची बाटली फ्रिजमध्ये राहते!

म्हणून डबा उघडून बसा असं मुळीच नाही. रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल तर डॉक्टरांचा 'बंद' म्हणजे बंदच. तिथे हृदयाच्या ठोक्यांशी गाठ असते. आणि घात बहुधा उपासाला होतो. खिचडीत कूट आणि बटाटा, सोबत दाण्याची आमटी, वर शहाळं. प्रत्येक गोष्ट 'थोडीशीच', पण बेरीज कोण करतो?

पथ्य मोडलं की त्रास होतो हे सगळ्यांना कळतं. पण चव गेली म्हणून जेवणच सुटलं तर माणूस खंगतो, हे त्या कागदावर नसतं. त्यात डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी आणि डायलिसिस सुरू झाल्यावर जास्त लागतात. मग दोघांना एकच कागद कसा चालेल?

तेव्हा ताजा रिपोर्ट आणि घरातला कुटाचा चमचा, दोन्ही घेऊन आहारतज्ज्ञाकडे जा. "चालेल का?" एवढंच विचारू नका. "आठवड्यातून किती चमचे?" असं विचारा.