डावाला तिघेच उरतात तेव्हा

नांदगाव हे तालुक्याचे गाव, मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचे. अशा गावच्या कचेऱ्यांतून परगावची मंडळी पुष्कळ. गाडीची वेळ झाली की कोणी मनमाडकडे, कोणी चाळीसगावकडे निघतो. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास सहा सहकाऱ्यांनी मांडलेला तीन पत्तीचा डाव पाहता पाहता तिघांवर येतो. पत्ते तेच, नियम तेच. म्हणून उरलेला खेळणारा पूर्वीच्याच हिशेबाने खेळत राहतो आणि अर्ध्या तासात त्याच्यापुढचे चिंचोके संपतात. (वडील वाचकांनी कपाळास आठी घालू नये. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा हे नाव आम्ही दिलेले नाही! शिवाय आम्ही लिहीत आहोत ते चिंचोक्यांच्या खेळाविषयी. पैसा लावणाऱ्याने १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आधी वाचावा.)

बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात संभवतात. त्यांपैकी १६,४४० हातांत जोडी नाही, रंग नाही, क्रमही नाही. म्हणजे चारांत तीन वेळा माणसाच्या हाती नुसते सुटे पत्तेच येतात. तथापि सहा जण बसले असता कोणा ना कोणाकडे काहीतरी चांगले असतेच. सर्वांनी शेवटपर्यंत थांबून पत्ते उघडले असे धरले, तर सहांत जिंकण्याचा निम्मा संभव हवा असेल तर गुलामाच्या जोडीच्या आसपासचा हात लागतो. तिघांत तेवढ्याच संभवास एक्का-राणी आणि एखादे सुटे पान पुरते. दोघांत तर राजा-दश्शी! सहांच्या बैठकीत जो हात मुकाट्याने टाकून द्यावा, तोच तिघांत खेळण्याजोगा होतो. जोडीची वाट पाहत बसणारा प्रत्येक डावाचा बूट मात्र भरीत राहतो, आणि तिघांत तो त्यास अधिक लवकर बुडवितो. कारण येथे सहांतून एक नव्हे, तिनांतून एक डाव जिंकला तरच बरोबरी. पाश्चात्त्यांच्या पोकरासही हाच न्याय लागू आहे.

एवढे गणित कळले की पुष्कळांस हूल देण्याची हौस येते. येथे आमचे मत वेगळे आहे. ज्यास गमावण्याचे भय आहे तोच हुलीस भितो. चिंचोके गमावण्याचे भय कोणास? पाहू तरी काय आहे, म्हणून शेजारचा कारकून हसत हसत चाल देतो आणि आपली हूल उघडी पडते. अशा बैठकीत हूल जवळजवळ सोडूनच द्यावी. बरा हात आला की मात्र चाल वाढविण्यास संकोच करू नये. उत्सुक गडी ती देतोच. तिघांपैकी एखादा फार जपून खेळणारा असेल तर त्याच्यापुरते उलट धोरण ठेवावे. रोज समोरासमोर बसणाऱ्यांस एकमेकांचे स्वभाव ठाऊक असतात; त्याहून अधिक लक्षणे शोधण्याचे कारण नाही.

सहकाऱ्यांच्या डावात एक गोष्ट कोणत्याही गणितात येत नाही. सहांत साहेब असले तर ते सहांपैकी एक असतात. तिघांत ते समोरच असतात. त्यांनी चाल वाढविली की उमेदवार कारकून हातात जोडी असूनही पत्ते टाकतो. साहेबांस वाटते, आपली हूल साधली! वस्तुतः साधली ती खुर्ची. ज्याच्या सहीवर दुसऱ्याची रजा अवलंबून आहे, त्याने त्या दुसऱ्यास हूल देऊच नये. पत्ते पाहून सरळ खेळावे आणि हरल्यावर पत्ते स्वतः पिसावयास घ्यावेत. कारकुनानेही जोडी असता टाकू नये. ती एकदा टाकली की सोमवारी कचेरीतही तो तसाच टाकू लागतो, आणि हे आम्हांस चिंचोके गेल्याहून अधिक वाईट वाटते.

हे अवघडलेपण ज्या बैठकीत जातच नाही, तेथे तीन पत्ती मिटवून पाच-तीन-दोन मांडावा. तीस पत्ते, तिघे गडी, प्रत्येकास दहा. तो मूळचाच तिघांचा खेळ, त्यामुळे कोणी गाडीस गेला म्हणून त्यात काही उणे पडत नाही. आणखी एक उठलाच, तर त्याच तीस पत्त्यांत दोघांचा सात-आठ होतो.